अवयव ८४चे नाही, शून्याचे पाडायचे

प्रश्न दहावीतल्या एका मुलीचा आहे, गुहागरकडची. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "एका बागेत जितक्या ओळी, त्याहून ५ जास्त कलमं प्रत्येक ओळीत. एकूण कलमं ८४. तर ओळी किती? मी क्ष(क्ष + ५) = ८४ असं मांडलं, ८४ = ७ × १२ असे अवयव पाडले आणि क्ष = ७ लिहिलं. उत्तर जुळतं, तरी सरांनी ४ पैकी दीड गुण दिला आणि 'ही अवयव पद्धत नाही' असा शेरा मारला. मग मी पाडले ते काय होते? दादा अकरावीत आहे, त्याच्या वहीत घन समीकरणं दिसतात. तिथे सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

बाय, उत्तर तुझं बरोबर आहे आणि शेराही बरोबर आहे. मी ३१ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं, सगळी नोकरी खाडीच्या अल्याड-पल्याड. तुझ्यासारखी उडी मारणाऱ्या चार-पाच जणी दर वर्षी वर्गात असायच्याच, आणि त्या बहुतेक हुशार असायच्या, कारण अशी उडी मारायला पाढे पाठ लागतात. (पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं. मी जुन्या वळणाची, क्षवरच राहते.)

आधी तुझ्या ८४ कडे बघू. तू त्याची फोड ७ × १२ केलीस. का? ६ × १४ का नाही? ३ × २८ का नाही? ८ × १०.५ सुद्धा ८४च होतात. दोन संख्यांचा गुणाकार ८४ आहे एवढं सांगितलं तर त्या संख्यांबद्दल काहीच हाती लागत नाही, अशा जोड्या अगणित आहेत. तू मनातल्या मनात जोड्या चाळल्यास, ७ आणि १२ मध्ये ५ चा फरक दिसला आणि ती उचललीस. खरं काम तिथे, अंदाजानं झालं. कागदावर ते आलंच नाही, म्हणून गुण गेले.

शिवाय एक जोडी तुला दिसलीच नाही: −१२ आणि −७. गुणाकार ८४, आणि −१२ + ५ = −७. म्हणजे क्ष = −१२ हेही समीकरणाचं मूळ आहे. उणे बारा ओळींची बाग नसते, ते टाकून द्यायचं हे खरं. पण टाकण्यासाठी ते आधी सापडायला हवं ना?

आता हेच गणित थोडं हलवते. अंगणाची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरनं जास्त आहे आणि क्षेत्रफळ १८.७५ चौरस मीटर आहे. क्ष(क्ष + ५) = १८.७५. पाड अवयव १८.७५चे! पाढे कितीही पाठ असले तरी इथे गाडी चिखलात रुतते. आता सगळं एका बाजूला घे आणि अपूर्णांक जावा म्हणून ४ ने गुण:

४क्ष² + २०क्ष − ७५ = ०
(२क्ष − ५)(२क्ष + १५) = ०

रुंदी अडीच मीटर. अडीच गुणिले साडेसात म्हणजे १८.७५, पडताळा होतो. हे अवयव कसे पाडले ते पुढे सांगते. आधी उजवीकडच्या शून्याचं सांगायचं आहे, कारण सगळी पद्धत त्याच्या जिवावर उभी आहे.

दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यांतली निदान एक शून्यच असते. ८४ला हे जमत नाही, १ला जमत नाही, फक्त शून्याला जमतं. कारण अगदी साधं आहे. समजा पहिली संख्या शून्य नाही. मग तिने दोन्ही बाजूंना भागता येतं, आणि दुसरी संख्या शून्य भागिले काहीतरी, म्हणजे शून्य निघते. सुटकेला वाटच नाही. म्हणून (क्ष + १२)(क्ष − ७) = ० इथपर्यंत आलीस की एक अवघड प्रश्न मोडून दोन सोपे प्रश्न होतात: क्ष + १२ = ० किंवा क्ष − ७ = ०. आपण ८४चे अवयव पाडत नाही, ज्या बहुपदीची किंमत शून्य व्हायला हवी तिचे पाडतो.

हे इतकं उघड वाटतं की मुलं विचारतात, यात सिद्ध काय करायचं? त्यांना मी भिंतीवरचं घड्याळ दाखवायची. घड्याळात १२ वाजले की पुन्हा शून्यापासून मोजणी, म्हणजे १२ तिथे शून्यासारखाच. मग ३ × ४ = १२, म्हणजे शून्य! ३ही शून्य नाही, ४ही नाही. अशा अंकगणितात क्ष² = क्ष या समीकरणाला ०, १, ४ आणि ९ अशी चार मुळं आहेत: ४ × ४ = १६, म्हणजे घड्याळात ४; ९ × ९ = ८१, म्हणजे ७२ वजा करून ९. वर्गसमीकरण आणि मुळं चार. आपल्या नेहमीच्या संख्यांत असं होत नाही ते या एका गुणधर्मामुळे.

याच गुणधर्माची दुसरी बाजू म्हणजे कापाकापी. मी स्वतः अकरावीत असताना क्ष³ = ९क्ष असं समीकरण फळ्यावर सोडवायला गेले, दोन्ही बाजूंचा क्ष कापला, क्ष² = ९, क्ष = ३ लिहिलं आणि खडू ठेवून ऐटीत जागेवर बसले. तीन मुळं होती, मी दोन घालवली होती. एक −३, ते वर्गमूळ काढताना विसरले. दुसरं ०, ते तर मीच स्वतःच्या हातानं कापलं. क्षने भागताना आपण गुपचूप धरून चालतो की क्ष शून्य नाही, आणि नेमका तो शून्य असू शकत होता. आता कोणी क्ष कापताना दिसलं की माझा हात आपोआप वर जातो. कापायचं नाही, बाहेर काढायचं:

क्ष³ − ९क्ष = ०
क्ष(क्ष − ३)(क्ष + ३) = ०

म्हणजे पहिली सवय, सगळं डावीकडे आणून उजवीकडे शून्य. दुसरी सवय, सगळ्या पदांत सामाईक काय आहे ते आधी बाहेर काढणं, मग तो अंक असो की क्ष. या दोन सवयी नसतील तर पुढचं सगळं पाठांतर फुकट.

आता मधल्या पदाची फोड. पुस्तक सांगतं: पहिला सहगुणक आणि स्थिरपद यांचा गुणाकार कर, तो गुणाकार देणाऱ्या आणि बेरीज मधल्या सहगुणकाइतकी असणाऱ्या दोन संख्या शोध. आठवीपासून सगळे हे मंत्रासारखं म्हणतात. का, ते क्वचितच कोणी विचारतं. ६क्ष² − ७क्ष − २० = ० घे. ६ × (−२०) = −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज −७ अशा संख्या −१५ आणि ८.

६क्ष² − १५क्ष + ८क्ष − २० = ०
३क्ष(२क्ष − ५) + ४(२क्ष − ५) = ०
(२क्ष − ५)(३क्ष + ४) = ०

क्ष = ५/२ किंवा क्ष = −४/३. आता उलट जा. (२क्ष − ५) आणि (३क्ष + ४) यांचा गुणाकार करताना मधलं पद दोन तुकड्यांत येतं: २ × ४ = ८ आणि −५ × ३ = −१५. या दोन तुकड्यांचा गुणाकार म्हणजे २ × ४ × (−५) × ३. तेच चार अंक वेगळे जोड: २ × ३ = ६ हा पहिला सहगुणक, ४ × (−५) = −२० हे स्थिरपद. म्हणजे मधल्या पदाच्या दोन तुकड्यांचा गुणाकार आणि दोन टोकांचा गुणाकार एकच असतो, अंक तेच, फक्त बसायच्या जागा बदलल्या. एवढं समजलं की फोड लक्षात ठेवावी लागत नाही.

आणि जोडी सापडलीच नाही तर? परीक्षेत मुली पाच-पाच मिनिटं जोड्या शोधत बसतात. त्याआधी कोपऱ्यात विवेचक काढावा: मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा चार गुणिले टोकांचा गुणाकार. वरच्या गणितात ४९ + ४८० = ५२९, आणि ५२९ हा २३चा वर्ग. वर्ग पूर्ण आला, म्हणजे जोडी आहे, शोध. तुझ्या बागेचं २५ + ३३६ = ३६१, १९चा वर्ग. पण त्याच बागेत ८४ऐवजी ८५ कलमं केलीस तर २५ + ३४० = ३६५, हा पूर्ण वर्ग नाही. पूर्णांकांची जोडी जन्मात सापडणार नाही, सरळ सूत्र वापर. हे माझं मत सगळ्यांना पटणार नाही, पण सांगते: वर्गसमीकरणात अवयव पद्धतीचं आपण फार कौतुक करतो. सूत्र सगळीकडे चालतं, अवयव मोजक्या ठिकाणी. पुस्तकातल्या समीकरणांचे अवयव पडतात कारण ती काढणाऱ्यानं उत्तर आधी ठरवून मागे जात काढलेली असतात. अवयवांची खरी गरज पुढे लागते, दादाच्या वहीत.

तिकडे जाण्याआधी टाकून द्यायच्या मुळांबद्दल थोडं, कारण गुण तिथेही जातात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० सालच्या सुमाराला, वानरांची दोन गणितं आहेत. (कोकणात वानरांचा हिशेब कोणाला समजावायला नको.) पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी वानरं रानात बागडताहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. आपल्या पद्धतीनं ते येतं क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०, म्हणजे (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०. कळप १६चा असला तर २चा वर्ग ४ रानात, १२ टेकडीवर. ४८चा असला तर ६चा वर्ग ३६ रानात, १२ टेकडीवर. दोन्ही उत्तरं चालतात.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे उरेल त्याच्या वर्गाइतकी वानरं गुहेत गेली, आणि एकच फांदीवर दिसतंय. इथे येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०, म्हणजे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. ५ही समीकरणात बसतात: १ − ३ = −२, वर्ग ४, अधिक १, झाले ५. पण पाचव्या भागातून ३ वानरं वजा करायची तर तो भाग १चा असून कसं चालेल? भास्कराचार्यांनी हे उत्तर नाकारलं. ५ ही संख्या धन आहे, पूर्णांक आहे, दिसायला निर्दोष आहे, तरी गेली. म्हणजे "ऋण आलं की खोडायचं" हा नियम नाही. प्रत्येक मूळ मूळच्या गोष्टीत परत नेऊन बघायचं. (ते स्वतः अवयव पाडत नव्हते. त्यांची रीत वर्ग पूर्ण करून मधलं पद नाहीसं करण्याची, तिला नावच मध्यमाहरण.)

उलट कधी कधी ऋण मूळही काहीतरी सांगत असतं. समुद्रावरच्या २५ मीटर उंच कड्यावरून गोफणीनं दगड सरळ वर भिरकावला, वेग सेकंदाला २० मीटर. क्ष सेकंदांनी त्याची पाण्यापासून उंची २५ + २०क्ष − ५क्ष² मीटर, गुरुत्व त्वरण १० धरून. पाण्यात कधी पडेल? उंची शून्य मांड, −५ ने भाग: क्ष² − ४क्ष − ५ = ०, (क्ष − ५)(क्ष + १) = ०. पाच सेकंदांनी. मग −१ काय आहे? तोच दगड कड्यावरून निघायच्या एक सेकंद आधी पाण्याच्या पातळीवरून सेकंदाला ३० मीटर वेगानं वर सुटला असता, तर कड्यापाशी येईपर्यंत त्याचा वेग बरोबर २० झाला असता. समीकरणाला गोफण दिसत नाही, त्याला फक्त दगडाची वाट दिसते. उत्तरपत्रिकेत −१ खोडच, पण खोडताना ते कुठून आलं हे ठाऊक असलेलं बरं.

होडीचं गणितही तुमच्या पेपरात असतंच. प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर, होडी १२ किलोमीटर प्रवाहाविरुद्ध गेली, तितकीच परत आली, एकूण ३ तास. १२/(क्ष − ३) + १२/(क्ष + ३) = ३. छेद काढले की क्ष² − ८क्ष − ९ = ०, (क्ष − ९)(क्ष + १) = ०, वेग ताशी ९ किलोमीटर. इथे एकच जपायचं: छेदांनी गुणताना क्ष ३ किंवा −३ नाही हे धरलेलं असतं, तेव्हा शेवटी तसं मूळ आलं तर ते खोटं. बाकी हे गणित वाशिष्ठीच्या खाडीत कोणाला सांगू नकोस. दाभोळचा कुठला होडीवाला ओहोटीच्या उलट १२ किलोमीटर वर जाईल? तो भरती धरून वर जातो आणि ओहोटी धरून खाली येतो. पेपर काढणारे घाटावरचे असावेत.

आता घन समीकरण. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ०. इथे मधल्या पदाची फोड नाही, आणि जे सूत्र आहे ते शाळेत हातात धरण्यासारखं नाही. मग एक मूळ अंदाजानं काढायचं. ऐकायला विचित्र वाटेल, आत्ताच मी तुला अंदाजावरून बोलले. पण इथला अंदाज मोकाट नाही, त्याला कुंपण आहे.

समीकरण असं लिही: २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष = −६. डावीकडे प्रत्येक पदात क्ष आहे. क्ष जर पूर्णांक असेल तर डावी बाजू क्षच्या पटीत, म्हणजे ६ही क्षच्या पटीत. तेव्हा क्ष हा ६चा विभाजकच हवा: १, २, ३, ६ आणि त्यांचे ऋण. आठच उमेदवार. अपूर्णांक मूळ असेल तर त्याचा अंश ६चा विभाजक आणि छेद पहिल्या सहगुणकाचा, म्हणजे २चा विभाजक. १/२ आणि ३/२, धन-ऋण, झाले आणखी चार. या बारांबाहेर परिमेय मूळ असूच शकत नाही.

आता एकेक घालून बघ. १ घातला की सहगुणकांची बेरीज मिळते: २ − ३ − ११ + ६ = −६, नाही. −१ घाल: −२ − ३ + ११ + ६ = १२, नाही. २ घाल: १६ − १२ − २२ + ६ = −१२, नाही. ३ घाल: ५४ − २७ − ३३ + ६ = ०. सापडलं.

३ घातल्यावर शून्य येतं, म्हणून (क्ष − ३) हा अवयव आहे. हाच नववीतला अवयव सिद्धांत. बहुपदीला (क्ष − ३) ने भागलं तर बाकी एक नुसती संख्या उरते. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. त्यात क्ष = ३ घाल, भाजक शून्य होतो, उरते फक्त बाकी. म्हणजे ३ घालून जी किंमत येते तीच बाकी, आणि ती शून्य असेल तर भाग पूर्ण गेला. मूळ सापडलं की समीकरण त्या अवयवानं भागून खाली उतरवायचं ही गोष्ट फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ साली स्पष्ट लिहून ठेवली आहे.

भागाकार संश्लेषक पद्धतीनं कर. सहगुणक मांड: २, −३, −११, ६. पहिला २ खाली आण. ३ × २ = ६, तो −३ मध्ये मिळव, ३. ३ × ३ = ९, −११ मध्ये मिळव, −२. ३ × (−२) = −६, ६ मध्ये मिळव, ०. खाली आले २, ३, −२, म्हणजे २क्ष² + ३क्ष − २. त्याचे अवयव (२क्ष − १)(क्ष + २). मुळं ३, १/२, −२. बघ, तिन्ही आपल्या बारा उमेदवारांतलीच.

एक सावधगिरी. क्ष³ − ७क्ष + ६ सारख्या बहुपदीत क्ष² चं पद नाही. सहगुणक मांडताना तिथे ० लिहायलाच हवा: १, ०, −७, ६. पंगतीत उशिरा येणाऱ्याचं पान मांडून ठेवतात तसं. पान मांडलं नाही की पुढचे सगळे एकेक जागा सरकतात आणि भलत्याच्या ताटात भलतंच पडतं. या एका शून्यामुळे चुकलेल्या वह्या मी शेकड्यानं तपासल्या असतील. (याची मुळं १, २, −३. सहगुणकांची बेरीज शून्य आली की १ हे मूळ असतंच.)

काही वेळा अंदाजाचीही गरज पडत नाही. क्ष³ + २क्ष² − ९क्ष − १८ मध्ये दोन-दोन पदं धर: क्ष²(क्ष + २) − ९(क्ष + २), लगेच (क्ष + २)(क्ष − ३)(क्ष + ३). आणि क्ष⁴ − १३क्ष² + ३६ = ० हे चौथ्या कोटीचं दिसलं तरी आतून वर्गसमीकरणच आहे, क्ष² ला एक अक्षर मान: (क्ष² − ४)(क्ष² − ९) = ०, मुळं चार. जाता जाता एक गैरसमज: मूळ नसेल तर अवयवही पडत नाहीत असं पुष्कळांना वाटतं. क्ष⁴ + ४ बघ. कोणत्याही वास्तव संख्येला हे शून्य होत नाही, तरी (क्ष² + २)² − (२क्ष)² असं लिहिलं की त्याचे (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) असे अवयव पडतात. घन समीकरणाचं सर्वसाधारण सूत्र १५४५ साली कार्दानोच्या ग्रंथात छापलं गेलं. पाचव्या कोटीला मुळं काढणारं तसं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेलनं १८२४ साली सिद्ध केलं. त्यामुळे दादा कितीही मोठा झाला तरी सामाईक काढणं, गट करणं, उमेदवार तपासणं यांतून त्याची सुटका नाही.

शेवटी माझं आवडतं गणित. आमच्या आळीत पत्र्याचं काम करणारे एक गृहस्थ होते, पावसाळ्याआधी पन्हळी करून द्यायचे, एरवी डबे आणि काजूगर ठेवायला उघडे ट्रे. १० इंच बाय १६ इंचाचा पत्र्याचा तुकडा, चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे आणि बाजू वर वळवायच्या. क्ष इंचाचा चौकोन कापला तर उंची क्ष, रुंदी १० − २क्ष, लांबी १६ − २क्ष. १४४ घनइंच मावायला हवं असेल तर किती कापायचं?

क्ष(१० − २क्ष)(१६ − २क्ष) = १४४

इथे १४४चे अवयव पाडायचा मोह आवर. गुणाकार कर, शून्य उजवीकडे घे, ४ ने भाग: क्ष³ − १३क्ष² + ४०क्ष − ३६ = ०. २ घाल: ८ − ५२ + ८० − ३६ = ०. भागाकार क्ष² − ११क्ष + १८, म्हणजे (क्ष − २)(क्ष − ९). सगळं मिळून (क्ष − २)²(क्ष − ९) = ०.

९ इंच कापता येत नाहीत, रुंदीच १० आहे. तरी ते मूळ आलं कसं? १० − १८ = −८, १६ − १८ = −२, आणि ९ × (−८) × (−२) = १४४. दोन ऋणांनी एकमेकांना झाकलं. उरला २, पण तो दोनदा. मुली विचारायच्या, "बाई, तेच मूळ दोनदा कशाला लिहायचं?"

त्यासाठी १४४च्या जागी १४० घाल. क्ष³ − १३क्ष² + ४०क्ष − ३५ = ०. उमेदवार १, ५, ७, ३५ आणि त्यांचे ऋण. ऋण घातलं तर चारही पदं ऋण होतात, ती गेली. धनातलं एकही बसत नाही. नुसते ४ घनइंच कमी केले आणि अवयव पद्धत संपली. पुस्तकाबाहेर बहुतेक समीकरणं अशीच असतात. पण हेच समीकरण (क्ष − २)²(क्ष − ९) = −१ असं लिहिता येतं, आणि त्यावरून थोड्या प्रयत्नानं मुळं मिळतात: सुमारे १.६३ आणि २.३९, आणि तिसरं ८.९८च्या आसपास, निरुपयोगी. म्हणजे १४० घनइंचांचा ट्रे दोन प्रकारे होतो, एक उथळ, एक खोल. १४०कडून १४४कडे सरकत जा, हे दोन आकडे एकमेकांकडे सरकतात आणि १४४ला २ वर येऊन मिळतात. तेच आपलं दोनदा आलेलं मूळ. १५० मागितलेस तर समीकरणाला एकच वास्तव मूळ उरतं, ९च्या जरासं पुढे, आणि ते १० इंची पत्र्यात बसत नाही. थोडक्यात, या तुकड्यातून १४४ घनइंचांहून मोठा ट्रे निघतच नाही, आणि हे कलनाचा एक शब्द न उच्चारता दोनदा आलेल्या मुळानं सांगितलं.

आता तू १२० घनइंच घालून बघ. एक मूळ ३ निघेल. उरलेल्या वर्गसमीकरणाचा विवेचक ६० येतो, तेव्हा तिथे जोड्या शोधत बसू नकोस, सूत्र वापर, आणि मिळालेल्या दोघांपैकी पत्र्यात कोण बसतं ते कारणासह वहीत लिही. सरांना दाखव.